फॅमिली ग्रुप: फोन उघडला की कामं आपोआप होतील का?

मावशी: माझ्या नव्या फोल्ड फोनबद्दल विचारायचं होतं. वाचायला मोठा स्क्रीन उघडते आणि दर वेळी तेच: ब्राइटनेस कमी करा, नोटिफिकेशन बंद करा. हे आपोआप नाही का होत?

मामा: होतं, अक्का. फोनच्या बिजागरीत सेन्सर असतो. मिटलेला फोन 0 अंश, सपाट उघडा 180. अँड्रॉइड 11 मध्ये, म्हणजे 2020 साली, हा कोन वाचायची सोय अ‍ॅप्सना मिळाली. तुझा सॅमसंग आहे ना? सेटिंग्जमध्ये 'मोड्स अँड रूटीन्स' बघ. फोन उघडला की काय व्हावं ते तिथे ठरवता येतं.

दादा: मी टास्करमध्ये, म्हणजे फोनची कामं आपोआप करून देणाऱ्या अ‍ॅपमध्ये केलंय. फोन अर्धा उघडून टेबलावर ठेवला की स्क्रीन चालू राहावा म्हणून 90 ची अट दिली, पण सारखं चालू-बंद होतंय.

मामा: नेमका आकडा देऊ नकोस रे. हात लागला तरी कोन एक-दोन अंश हलतो. 70 ते 120 मध्ये आला की चालू, आणि 60 च्या खाली किंवा 130 च्या वर गेला तरच बंद. 60 ते 70 आणि 120 ते 130 ही मधली जागा मोकळी सोड. त्याआधी तुझा फोन आकडे कसे देतो ते बघ. काही फोन मधले अंश सांगतच नाहीत, फक्त 0, 90, 180 देतात.

ताई: बॅटरी खाईल ना पण?

मामा: फारशी नाही. हा सेन्सर कोन बदलला तरच कळवतो. हालचाल मोजणाऱ्या सेन्सरसारखं सतत वाचन चालू नसतं. मात्र अँड्रॉइड 9 पासून मागे पडून राहिलेल्या अ‍ॅपला सेन्सरची माहिती मिळत नाही. टास्करची वर दिसत राहणारी नोटिफिकेशन असली की ते मागे पडलेलं धरलं जात नाही, म्हणून ती बंद करू नका.

ताई: आजीची बोटं थरथरतात. कॉल आला की हिरवं बटण सरकवता सरकवता कॉल कट होतो. तिला फ्लिप फोन घेतला तर?

मामा: अगं, मला तर या सेन्सरचा खरा उपयोग हाच वाटतो! उघडला की कॉल उचलला, मिटला की संपला. तिने पूर्वी तसाच फोन वापरलाय, शिकवावंही लागणार नाही. घेण्याआधी त्या मॉडेलच्या कॉल सेटिंग्जमध्ये ही सोय आहे का ते दुकानातच तपास. फक्त स्पीकर आपोआप चालू होईल असं ठेवू नकोस, तिचं बोलणं सगळ्यांना कशाला ऐकू जायला हवं?

दादा: मग उघडला की घराचं स्मार्ट लॉकही उघडेल असं लावू का?

मामा: अजिबात नको. फोन उघडला एवढंच बिजागरीला कळतं, कोणी उघडला ते नाही. पैसे, कुलूप, मेसेज पाठवणं यांना बोटाचा ठसा किंवा पिन हवाच.

मावशी: झालं रे माझं! पण मिटल्यावर ब्राइटनेस पहिल्यासारखा होईल ना?

मामा: हो. त्याच रूटीनमध्ये खाली 'रूटीन संपल्यावर' असा भाग आहे. तिथे सेटिंग पूर्ववत व्हावं असं निवडलेलं आहे ना, तेवढं बघ.