वर्षात शंभर चित्रपट, शंभर परीक्षणे : हिशोब, नोंदी आणि गाडी अडते त्या जागा

वर्षाला ठरावीक चित्रपट बघायचे आणि प्रत्येकावर लिहायचे, हा संकल्प ज्यांनी तडीस नेला किंवा मध्येच सोडला, त्या सगळ्यांनी लिहावे. 'बघत राहा, मजा येईल' एवढ्यावर कुणाचे भागत नाही. आकडा कसा ठरवायचा, नोंद कशी ठेवायची, काय बिघडते आणि का, ते नेमके सांगा.

*

आधी तासांचा हिशोब. सरासरी दोन तास धरले तर शंभर चित्रपट म्हणजे २०० तास. इथवर सगळेच मोजतात. लिहिण्याचे तास मात्र कुणी धरत नाही. ३०० शब्दांचे परीक्षण लिहा, नावे तपासा, एकदा वाचून दुरुस्त करा, की पाऊण तास गेलाच. म्हणजे आणखी ७५ तास, आणि संकल्प बुडतो तो याच ७५ तासांत. आजारपण, परीक्षा, लग्नकार्ये यांसाठी सहा आठवडे कोरे सोडा आणि २७५ तासांना ४६ने भागा. आठवड्याला सहा तास येतात. तेवढे निघत नसतील तर सरळ ५२चा आकडा घ्या. शंभर ऐकायला भारदस्त वाटतात, बाकी त्यात विशेष काही नाही.

*

काय मोजायचे आणि काय नाही, हे वर्ष सुरू होण्याआधीच लिहून ठेवा. नाहीतर ऑक्टोबरात आकडा मागे पडला की नियम आपोआप सैल होतात. ऑस्कर देणारी अकादमी ४० मिनिटांपेक्षा मोठा असेल तरच त्याला पूर्ण लांबीचा चित्रपट मानते. तीच रेघ धरावी. लघुपटांची यादी वेगळी. पुन्हा पाहिलेला चित्रपट चालेल, पण एकूण आकड्याच्या दहा टक्क्यांपर्यंतच. अर्धवट सोडलेला मोजायचा नाही, मात्र कितव्या मिनिटाला आणि का सोडला ते टिपायचे. अशा दहा नोंदी जमल्या की आपल्याला काय झेपत नाही ते स्वच्छ दिसते.

आवृत्तीची नोंदही हवी. 'मेट्रोपोलिस' हा जर्मन मूकपट १९२७चा. त्याची बरीच लांब प्रत २००८मध्ये ब्युनोस आयर्सला सापडली आणि तीवरून पूर्ववत केलेली आवृत्ती २०१०मध्ये आली. त्याआधीची प्रत पाहून 'अमुक पात्राला वावच नाही' असे लिहिले, तर दोष दिग्दर्शकाच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात तो भाग कापलेला असतो.

*

निवडीबद्दल. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपट-मासिकाची दर दहा वर्षांनी येणारी सर्वोत्तम चित्रपटांची यादी (पहिली १९५२ची) बरेच जण डोळे मिटून घेतात. घ्यावी, पण मिनिटे बघून. २०२२च्या यादीत पहिला आलेला 'जान दिएलमान' २०१ मिनिटांचा आहे. 'सेव्हन सामुराई' २०७ मिनिटांचा. असे तीन ओळीने लावले की महिन्याचे वेळापत्रक कोलमडते. तीन तासांच्या वरचा चित्रपट असेल त्या आठवड्यात जोडीला ८० मिनिटांच्या आतला ठेवा.

एकाच दिग्दर्शकाचे पाच-सहा सलग बघू नका. चौथ्या परीक्षणापासून तीच वाक्ये उमटायला लागतात.

*

वरच्या शेवटच्या मुद्द्याशी असहमत. एकाच दिग्दर्शकाचे कालक्रमाने पाहिले तर लिहिणे सोपे होते, कारण तुलना हाताशी असते. अट एकच: आधीच्याचे परीक्षण पुरे झाल्याशिवाय पुढचा लावायचा नाही.

*

तांत्रिक बाजू कुणी लिहिलेली दिसत नाही. टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय आधी बंद करा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून भरतो आणि सगळे मालिकेसारखे दिसते. छायाचित्रणावर लिहिणार असाल तर हे आधी. पडदा भरण्यासाठी झूमही करू नका, कडा कापल्या जातात. दीडपट वेगाने पाहिलेला चित्रपट तर मोजूच नये, त्यात संवादांमधले विराम मरतात.

सबटायटल पुढेमागे होत असतील तर आधी दोष कोणता ते ओळखा. सुरुवातीला दोन सेकंद आणि शेवटीही दोनच सेकंद फरक असेल तर नुसते सरकवायचे. व्हीएलसी या व्हिडिओ चालवायच्या प्रोग्रॅममध्ये 'जी' आणि 'एच' या कळा दर दाबाला ५० मिलिसेकंद सरकवतात. फरक वाढत जात असेल तर सबटायटलची फाइल वेगळ्या गतीच्या प्रतीसाठी केलेली आहे. सेकंदाला २५ चौकटी आणि २३.९७६ चौकटी यांची गल्लत झाली की तासाभरात जवळजवळ अडीच मिनिटांचे अंतर पडते. तिथे सरकवून उपयोग नाही, योग्य प्रतीची फाइलच शोधावी लागते. अक्षरांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हे दिसली तर एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ करून पाहा.

*

परीक्षणाविषयी थोडे सविस्तर. बघताना कागदावर फक्त वेळ आणि दोन-तीन शब्द: '४२ मि. – दार, आवाज नाही'. एवढ्यावरून अख्खा प्रसंग परत उभा राहतो. पूर्ण वाक्ये लिहायला गेलात तर पुढचा शॉट हुकतो. फोनवर टिपू नका. एक नोटिफिकेशन येते आणि दहा मिनिटे जातात.

चित्रपट संपल्यावर इतरांचे काहीही वाचण्याआधी पाच ओळी खरडा. कथानकाला चार ओळींपेक्षा जास्त जागा नाही, कारण ते कुठेही मिळते. 'संकलन वेगवान आहे' लिहिण्याआधी एखादा प्रसंग परत लावून तीन मिनिटांतले कट मोजा. ३० आले तर सरासरी शॉट सहा सेकंदांचा, म्हणजे वेगवान मुळीच नाही. वेग पार्श्वसंगीतातून जाणवत असणार. मग परीक्षण संगीताबद्दल लिहायला हवे. 'अप्रतिम छायाचित्रण'चेही तसेच: उजेड कुठून येतोय, कॅमेरा कोणाच्या उंचीवर आहे, हे सांगता येत नसेल तर तो शब्द खोडा.

तारे आठवड्याने द्या. संपल्या संपल्या दिलेले तारे बहुतेक शेवटच्या दहा मिनिटांना दिलेले असतात.

*

तक्त्यात हे रकाने पुरतात: क्रमांक, नाव, वर्ष, दिग्दर्शक, भाषा, मिनिटे, आवृत्ती, पाहिल्याची तारीख, लिहिल्याची तारीख. वर्ष हवेच, एकाच नावाचे चित्रपट ढिगाने आहेत. शेवटच्या दोन तारखांमधल्या अंतरावर नजर ठेवा. तीन परीक्षणे बाकी राहिली की नवीन चित्रपट बंद, हा नियम पाळला तर थकबाकी साचत नाही. लेटरबॉक्स्ड या चित्रपटांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर रोजनिशी ठेवत असाल तर तिथून सगळा डेटा सीएसव्हीमध्ये (तक्त्यात उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये) उतरवता येतो. महिन्याला एकदा उतरवून घ्या.

*

थकबाकी आधीच साचलेल्यांसाठी: जुन्यावर ३०० शब्द लिहायचा हट्ट सोडा. पहिली आणि शेवटची दहा मिनिटे परत बघून ६० शब्द लिहा आणि पुढे सरका. डिसेंबरसाठी ९० मिनिटांखालचे आठ-दहा चित्रपट राखून ठेवा, मात्र त्यांच्या परीक्षणांनाही पाऊण तासच धरा.