डायरेक्ट सेलिंग म्हणजे एमएलएमच (मल्टी लेव्हल मार्केटिंग) ना? घरात रोज वाद चाललाय

सांगलीची_स्मिता:
नमस्कार, जरा सविस्तर लिहिते, समजून घ्या. माझी धाकटी जाऊ दीड-दोन वर्षं एका कंपनीचं काम करते, प्रोटीन पावडर, भांडी घासायचं लिक्विड, टूथपेस्ट वगैरे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी तिला म्हटलं की हे चेन मार्केटिंग आहे तर ती एकदम चिडली, म्हणाली वहिनी हे डायरेक्ट सेलिंग आहे, एमएलएम वेगळं, आमच्या सरांनी मीटिंगमध्ये दोन कॉलम काढून समजावलंय, आणि कंपनी सरकारमान्य आहे. आता ती माझ्या नणंदेला आणि शेजारच्या काकूंना खाली जॉइन करून घ्यायचं म्हणतेय. माल वाईट नाही हो, लिक्विड मी स्वतः वापरते. पण तिच्या दिवाणात पावडरचे डबे तसेच पडलेत, सगळी बिलं तिच्याच नावावर आणि तारखा बघितल्या तर सगळ्या महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांच्या. विचारलं तर म्हणते आयडी म्हणजे कंपनीतलं सभासदत्व अ‍ॅक्टिव्ह ठेवायला तेवढं घ्यावंच लागतं, नाहीतर त्या महिन्याचा पेआउट, म्हणजे कमिशन जातं. दीर बोलत नाहीत पण पैसे त्यांचेच जातात. मला भांडायचं नाहीये, फक्त खरं काय ते कळू दे, दोन्ही एकच की वेगळं?

कायद्याचं_बोला:
स्मिताताई, तुमच्या जाऊबाईंचे सर दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांसमोर ठेवतायत. डायरेक्ट सेलिंग म्हणजे माल दुकानात न ठेवता माणसामार्फत थेट गिऱ्हाइकाला विकणं, म्हणजे ही विकायची पद्धत झाली. एमएलएम म्हणजे विकणाऱ्याला पैसे कसे मिळतात ते, स्वतःच्या विक्रीवर तर मिळतातच पण खाली लावलेल्या माणसांच्या आणि त्यांच्याही खालच्यांच्या खरेदीवर मिळतात. त्यामुळे एकच कंपनी एकाच वेळी डायरेक्ट सेलिंगही असते आणि एमएलएमही. पूर्वी युरेका फोर्ब्सचे सेल्समन दारोदार व्हॅक्युम क्लीनर आणि अ‍ॅक्वागार्ड दाखवायचे, ते कंपनीचे कर्मचारी होते, तुम्हाला खाली जोडून घ्यायचा प्रश्नच नव्हता, ते नुसतं डायरेक्ट सेलिंग. तुमच्या जाऊबाईंना नणंदेच्या खरेदीवर कमिशन मिळणार असेल तर ते एमएलएम, मग सरांनी कितीही कॉलम काढू देत.

आता हेही सांगतो की आपल्याकडे एमएलएम म्हणजे आपोआप बेकायदेशीर असं नाही. बंदी आहे ती पिरॅमिडवर, म्हणजे जिथे मालापेक्षा नवीन माणसं जोडण्यावर पैसे मिळतात, आणि मनी सर्क्युलेशनवर, म्हणजे नवीन सभासद जोडले की झटपट पैसे मिळतील असं सांगणाऱ्या स्कीमवर. १९७८ चा प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन बंदी कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि लक्षात घ्या, नुसती स्कीम चालवणाराच नव्हे तर त्यात सभासद होणारा, भाग घेणाराही कलमात येतो. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायद्याखाली डिसेंबर २०२१ मध्ये डायरेक्ट सेलिंगचे नियम आले, त्यात नेटवर्कची व्याख्याच अशी आहे की मोबदला फक्त माल किंवा सेवेच्या विक्रीतून यायला हवा. एंट्री फी घ्यायची नाही, डेमोच्या सामानाचे पैसे घ्यायचे नाहीत, घरी जायचं तर आधी वेळ ठरवून आणि ओळखपत्र घेऊन जायचं.

राहिलं 'सरकारमान्य'. नियमात कंपनीने स्वतःच घोषणापत्र द्यायचं असतं की आम्ही नियम पाळतो आणि पिरॅमिडमध्ये नाही. म्हणजे कंपनीचा शब्द कंपनीच देते. रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट तर कुठल्याही प्रायव्हेट लिमिटेडला मिळतं, त्यावरून प्लान चांगला की वाईट हे कुणी तपासलेलं नसतं.

नाशिककर_विक्रेता:
मी स्वतः याच फील्डमध्ये आहे म्हणून दुसरी बाजू मांडतो, कृपया सगळ्यांना एका माळेत ओवू नका. माझी ठरलेली गिऱ्हाइकं आहेत, दर महिन्याला फोन करून माल मागवतात, त्यातले कितीतरी जण कधीच जॉइन झाले नाहीत आणि मी त्यांना तसं म्हणतही नाही. एमआरपी आणि माझ्या किमतीतला फरक ही माझी कमाई, टीमचं थोडंफार येतं ते वेगळं. अमेरिकेत १९७९ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने (व्यापारावर लक्ष ठेवणारी तिथली सरकारी संस्था) अ‍ॅमवेचा निकाल दिला त्यात पिरॅमिड नाही असंच म्हटलं होतं, कारण त्यांचे नियम होते की महिन्यात घेतलेल्या मालातला ७० टक्के खपवल्याशिवाय बोनस नाही, महिन्याला दहा गिऱ्हाइकांना विक्री दाखवायची आणि सोडून जाणाऱ्याचा उरलेला माल त्याला जोडणाऱ्या वरच्या माणसाने परत घ्यायचा. हे पाळलं तर धंदा सरळ आहे. ज्या बायकांना नोकरीला जाता येत नाही त्यांच्या हातात यातून दोन पैसे येतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पण ताई, महिनाअखेर क्लोजिंगला, म्हणजे महिन्याचा हिशोब बंद होताना, स्वतःच्या नावावर डबे उचलायला लावणं मला अजिबात मान्य नाही. आमच्याकडेही काही अपलाइन, म्हणजे आपल्याला जोडून घेणारे वरचे लोक, हे करतात आणि त्यांच्यामुळे आम्ही बदनाम होतो. विकला न गेलेला माल ही विक्री नाहीच.

कायद्याचं_बोला:
दादा, १९७९ चं बरोबर आहे, पण तो निकाल त्या तीन नियमांवर उभा होता, डायरेक्ट सेलिंग या नावावर नाही. आणि त्याच कंपनीच्या प्लानबद्दल आपल्याकडे २००७ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने प्रथमदर्शनी १९७८ च्या कायद्यात येतो असं म्हटलं, २०२२ मध्ये ईडीने ७५७ कोटींच्या वर मालमत्ता जप्त करताना पिरॅमिडचाच आरोप ठेवला. कंपनीने आरोप नाकारलेत. तिकडे २०१६ मध्ये हर्बालाइफ या दुसऱ्या एमएलएम कंपनीने त्याच कमिशनशी २० कोटी डॉलर भरून तडजोड केली आणि अमेरिकेत त्यांना पेआउटची रचनाच बदलावी लागली, किमान दोन तृतीयांश मोबदला खऱ्या, नोंद असलेल्या किरकोळ विक्रीवर. म्हणजे तिथेही विचारलं हेच गेलं, की शेवटचा डबा घेणारा माणूस कोण? बाहेरचा गिऱ्हाइक की आयडी टिकवायला घेणारा सभासद?

माजी_डायमंड_टीम:
मी चार वर्षं बायनरी प्लानमध्ये होते, म्हणजे आपल्याखाली डावी-उजवी अशा दोन रांगा लावायच्या, लेफ्ट लेग राइट लेग सगळं केलंय. आमच्या मीटिंगमध्ये माल कसा विकायचा यावर दहा मिनिटं आणि 'लिस्ट' कशी काढायची यावर दोन तास. लिस्ट म्हणजे तुमच्या फोनमधली सगळी नावं, मामेभाऊ, शाळेतल्या मैत्रिणी, दूधवाला सुद्धा. एवढ्यावरूनच कळतं की कंपनीला नक्की काय वाढवायचंय.

अजून एक, प्लान दाखवताना म्हणतात फक्त पाच जण आणा, ते पाच आणतील. हिशोब कुणी पुढे नेत नाही. पाच, पंचवीस, सव्वाशे करत दहाव्या पातळीवर ९७ लाखांच्या वर माणसं लागतात आणि बाराव्या पातळीवर २४ कोटी, अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११ कोटी २४ लाख होती. मग शेवटी जॉइन होणाऱ्यांनी आणायचं कुणाला? आणि शेवटचे कायम संख्येने सगळ्यात जास्त असतात, म्हणून जाऊबाईंच्या मेहनतीला काही नावं ठेवू नका, मेहनत करूनही तिथे बहुतेकांना काही उरत नाही.

सरांच्या कमाईबद्दल शंका असेल तर चेकचे फोटो बघू नका, त्यांचं २६एएस, म्हणजे इन्कम टॅक्सचं टीडीएस दाखवणारं स्टेटमेंट मागा. कमिशनवर टीडीएस कापलेला असला की त्यात दिसतो. आमच्या अपलाइनने मला ते कधीच दाखवलं नाही.

सांगलीची_स्मिता:
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः नाशिकच्या दादांचे, कारण जाऊबाई तुमचं ऐकेल, माझं ऐकणार नाही. कायदेवाल्या दादांना एकच विचारायचंय, दिवाणातल्या डब्यांचं काय करता येईल?

कायद्याचं_बोला:
तिने कंपनीशी केलेला लेखी करार काढा, नियमाप्रमाणे तो असायलाच हवा. त्यात कूलिंग ऑफ (करार केल्यावर ठरावीक मुदतीत माघार घ्यायची मुभा) आणि माल परत घेण्याच्या अटी काय आहेत त्या नीट वाचा. मग सीलबंद, एक्स्पायरी न झालेले डबे बाजूला काढून बिलांसकट कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, सरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नको. तक्रार क्रमांक मिळाला पाहिजे. टाळाटाळ केली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीत बोलता येतं. आणि हे होईपर्यंत नणंदेची आयडी लावू देऊ नका.

नाशिककर_विक्रेता:
ताई, हवं तर जाऊबाईंना माझ्याशी बोलायला सांगा, इथे मेसेज करा. लिक्विडला गिऱ्हाईक मिळतं, पावडरचं अवघड असतं, पण कुणाला जॉइन न करता किती खपतंय ते महिनाभर करून बघू देत तिला, आणि त्या महिन्यात स्वतःच्या नावावर एकही बिल करायचं नाही म्हणावं.