आजीचं जन्मसाल कसं काढावं? वर्षश्राद्धाला पुस्तिका करतोय

नात_दांडियाबाजार

नमस्कार मंडळी. आमची माई, म्हणजे वडिलांची आई, गेल्या श्रावणात गेली. वर्षश्राद्धाला तिच्यावर छोटी पुस्तिका काढायची, घरातल्यांपुरतीच, असं ठरलंय आणि लिहायचं काम माझ्याकडे आलंय. पण पहिल्याच ओळीला गाडी अडली. माईचा जन्म कोणत्या सालचा, हे कोणालाच नक्की माहीत नाही. मोठे काका म्हणतात १९२९, आत्या १९३२ वर ठाम, आणि ओळखपत्रावर १ जानेवारी १९३५. ती तारीख माईलाच मान्य नव्हती. "मी थंडीतली नव्हेच," म्हणायची.

ठाऊक आहे ते एवढंच. माहेर बडोद्याच्या बाबाजीपुऱ्यातलं. सयाजीराव महाराज गेले तेव्हा ती पहिलीत होती. बाईंनी वर्गात सांगून पोरींना घरी पाठवलं, आणि घरी येऊन बघते तर आजोबा पगडी काढून ओट्यावर बसलेले. हे ती शेवटपर्यंत सांगायची. लग्न झालं ते बडोदं मुंबई राज्यात विलीन झालं त्या वर्षी. आणि ती अधिक महिन्यातली. धोंड्याला जावयांना अनारशांचं वाण द्यायची, तेव्हा एक बाजूला काढून "हा माझ्या वाढदिवसाचा" म्हणून स्वतः खायची. कोणता अधिक, ते घरात कोणाला ठाऊक नाही.

दुसरा प्रश्न मजकुराचा. काकांनी मसुदा दिलाय: प्रेमळ, सोशिक, कष्टाळू, अन्नपूर्णा. बाकी सगळं कबूल, पण ही सोशिक बाई नव्हती हो! खंडेराव मार्केटात भाजीवाल्याशी गुजरातीत कडाकडा भांडायची आणि जूनमध्ये त्याच्याच पोराची फी भरायची. मसुदा वाचताना ती माई कुठे दिसतच नाही. कोणी असं काही केलं असेल तर सांगा.

वाडीतला_जुना

ताई, माईंना नमस्कार. आधी शाळा गाठा. बडोदा संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ ला अमरेलीकडे सुरू झालं आणि १९०६ च्या कायद्याने सगळ्या राज्यात आलं, मुलींनाही. त्यामुळे माईंच्या वयाच्या मुलीचं नाव रजिस्टरात सापडण्याची आशा आपल्याकडे बरीच आहे. जनरल रजिस्टरात जन्मतारीख आणि दाखल झाल्याची तारीख, दोन्ही असतात. जाताना माहेरचं आडनाव आणि वडिलांचं पूर्ण नाव घेऊन जा, सासरच्या नावाने काही मिळणार नाही. शाळा बंद पडली असेल तर तिची रजिस्टरं कुठे गेली, ते नगर प्राथमिक शिक्षण समितीत विचारा. माझ्या आईची नोंद अशीच मिळाली.

मात्र रजिस्टरातली तारीखही डोळे झाकून धरू नका. वडील अंदाजाने सांगत आणि मास्तर सोयीची तारीख लिहीत. आमच्या पिढीतल्या निम्म्या पोरांचा जन्म १ जूनचा तो त्यामुळेच!

तिथीवाली_मावशी

अगं, अधिक महिना माहीत आहे म्हणजे तुझं निम्मं काम झालं. अधिक साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो. त्या काळात तो आला १९२८, १९३१, १९३४ आणि १९३६ मध्ये. १९२९ ला नाही, १९३२ लाही नाही. काकांना आणि आत्याला गोडीगुलाबीने सांग.

आता महाराज गेले ६ फेब्रुवारी १९३९ ला. १९२८ धरलंस तर माई तेव्हा दहा उलटलेल्या, मग पहिलीत कशाला असतील? १९३४ धरलंस तर पाचही पूर्ण नाहीत. १९३१ धर, सात पूर्ण होऊन आठवं चालू. सक्तीच्या शाळेचं वयही सातपासूनच होतं. विलीनीकरण १ मे १९४९ चं, म्हणजे लग्न सतरा-अठराव्या वर्षी. सगळं नीट बसतं.

शके १८५३ चं, म्हणजे १९३१-३२ चं, पंचांग मिळव आणि त्यात अधिक कोणता होता ते बघ. माहेरचा एखादा गुजराती कागद हाती लागला तर त्यावर विक्रम संवत १९८७ शोध, १९८८ नव्हे, कारण इथे विक्रमाचं वर्ष दिवाळीनंतर बदलतं.

कारेलीबागची_सून

साल लागलं, छान झालं. मी मजकुराबद्दल सांगते. आम्ही सासूबाईंवर असं पुस्तक केलं तेव्हा प्रत्येकाला एकच विचारलं: त्यांना काय करताना तुम्ही स्वतः पाहिलंत? "त्या कशा होत्या" असं विचारलं की सगळे भाषण देतात. आधी ऐंशीच्या पुढच्यांकडे जा. जावा, शेजारणी, जुनी मोलकरीण. फोनवर आवाज टिपून ठेवा. भाजीवाला किंवा त्याचा मुलगा असेल तर त्याच्याकडे नक्की जा, तो काकांपेक्षा जास्त सांगेल. आणि माईंचे अनारसे त्यांच्या प्रमाणानिशी छापा. आमच्या घरी त्या पानाला आता तुपाचे डाग पडलेत, इतकं ते वापरलं जातं.

नात_दांडियाबाजार

मावशी, तुमचा हिशेब रात्रीच काकांना आणि आत्याला वाचून दाखवला. काकांनी कागदावर पुन्हा मांडून बघितला आणि मानला. आत्या आधी गप्प होती, मग म्हणाली, "म्हणजे चौऱ्याण्णवची होऊन गेली की माझी आई," आणि रडली. मी पण.

अनारशांचं पान पहिलं लिहून झालं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. सुती कापडावर सावलीत पसरायचे आणि दमट असतानाच कुटायचे. पिठाच्या वजनाला गूळ किंचित कमी. खसखशीवर थापला की खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप घालत राहायचं. पहिला अनारसा हसला, म्हणजे तुपात विस्कटला, की माई कढई उतरवायची, पिठात मूठभर कोरडी पिठी मळायची आणि पुन्हा बसायची. त्या वेळी तिच्याशी कोणी बोलायचं नाही, जावयांनीसुद्धा. हे शेवटचं वाक्यही कृतीतच घातलंय, कारण त्याशिवाय ते तिचे अनारसे होणार नाहीत.

भाजीवाल्याचा मुलगा अजून मार्केटात बसतो. त्याला माई आठवते, फीचं आठवतंच, पण शाळेचा निकाल लागला की प्रगतिपुस्तक दाखवल्याशिवाय ती भाजी घ्यायची नाही, हे आम्हाला त्याच्याकडूनच कळलं. काकांच्या मसुद्यातला "सोशिक" काकांनी स्वतःच खोडला.

जुने काका, माईच्या धाकट्या भावाकडून वडिलांचं पूर्ण नाव आणि शाळेचं नाव दोन्ही मिळालं. शाळा चालू आहे. सोमवारी जाते. रजिस्टरात काय निघतं ते इथेच लिहीन. आणि शके १८५३ चं पंचांग कोणाच्या माळ्यावर असेल तर कृपया कळवा, मी येऊन फोटो काढून घेईन.