टेम्पटेशन्स १९६८लाच संपले म्हणे!

खर्जप्रेमी: काल इथे एकाने लिहिलं की लीड गायक डेव्हिड रफिन गेला आणि टेम्पटेशन्स हा गायकांचा ग्रुप संपला, पुढचं सगळं म्हणजे निर्माता नॉर्मन व्हिटफिल्डचा गोंगाट. आणि त्याला धपाधप लाइक! अरे ऐकता तरी काय तुम्ही? रफिनला १९६८मध्ये काढला, त्याच वर्षी 'क्लाउड नाइन' आलं आणि मोटाउन या त्यांच्या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीला पहिली ग्रॅमी त्यानेच मिळवून दिली. पुढच्या वर्षी 'आय कान्ट गेट नेक्स्ट टू यू', पाचही जण आळीपाळीने लीड, नंबर वन. १९७१ला एडी केंड्रिक्सच्या त्या तलम आवाजात 'जस्ट माय इमॅजिनेशन', नंबर वन. १९७२ला 'पापा वॉज अ रोलिंग स्टोन', परत नंबर वन. संपलेले लोक असे असतात होय? मेल्व्हिन फ्रँकलिनचा खर्ज काढा आणि मग दाखवा मला टेम्पटेशन्स. लीडवाला काय, दुसरा मिळतो.

रफिनवेडा: ती पोस्ट माझीच. नंबर वन मोजत बसायला मी काय कारकून आहे का? वडील गेले तेव्हा मला रडूच येईना, नातेवाईक म्हणायचे काय घट्ट मनाचा आहे पोरगा, आणि मग एका रात्री 'आय विश इट वुड रेन' लागलं, रफिन पाऊस मागतोय कारण पावसात डोळे पुसावे लागत नाहीत, आणि मी जो फुटलो... त्याच्या जागी आलेल्या डेनिस एडवर्ड्सने हे कुणाला केलंय का सांगा. दमदार गातो, मान्य. पुढे बोला.

नोव्हीकर: रफिनवेडे, तो शो बुडवायचा म्हणून काढला ना त्याला? नंतर यांच्याच शोमध्ये स्टेजवर चढून एडवर्ड्सच्या हातातला माइक घ्यायचा म्हणे, कसला हा लीड! ग्रुप बघायचा तर मोटाउनचाच फोर टॉप्स. तेच चौघे, १९९७ला लॉरेन्स पेटन जाईपर्यंत एकही बदल नाही. आणि त्यांचा लीड लिव्हाय स्टब्स, त्याचा आवाज मुळात बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचा, पण गाणी लिहिणारे हॉलंड-डोझियर-हॉलंड मुद्दाम चढ्या पट्टीत गाणं द्यायचे. 'रीच आउट'मध्ये तो गात नाही, हाका मारतो. मी मिशिगनमध्ये राहतो, पाहुणे आले की आधी मोटाउनचा जुना स्टुडिओ हिट्सव्हिल दाखवतो, मग बाकीचं डेट्रॉइट.

कोरसवाली: चौघे चौघे काय लावलंय. फोर टॉप्सच्या त्या रेकॉर्ड्सवर वरचे आवाज अँडांटेजचे आहेत, जॅकी हिक्स, मार्लीन बॅरो, लूव्हेन डेम्प्स. तीन बायका. कव्हरवर नाव शोधून दाखवा.

नोव्हीकर: ताई, विषय लीडचा चाललाय.

कोरसवाली: ताई नको. विषय ग्रुप कशाने होतो हा आहे ना? मग हाच विषय. मी स्वतः कितीतरी वर्षं कोरसला गायले, दिवसभर स्टुडिओत उभं राहायचं, संध्याकाळी पाकीट घ्यायचं, सीडी आली की त्यावर निर्मात्याच्या भाच्याचं नाव, आमचं नाही. त्यामुळे 'तेच चौघे' वाचलं की डोकं फिरतं.

खर्जप्रेमी: कोरसमधल्या प्रत्येकाचं नाव छापायचं तर गाण्याला जागा कुठे उरणार :)

कोरसवाली: 'माय गर्ल'ची सुरुवात गुणगुणा बघू. काय गुणगुणलात? जेम्स जेमर्सनचा बेस आणि रॉबर्ट व्हाइटची गिटार! तुमच्या खर्जाचा तिथे पत्ताच नाही. आणि त्या फंक ब्रदर्सची, म्हणजे स्टुडिओतल्या वादकांची, नावं मोटाउनने छापली कधी, तर १९७१ला, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'च्या कव्हरवर. तोवर फुकटचे होते का ते?

नोव्हीकर: 'व्हॉट्स गोइंग ऑन' गाण्याची मूळ कल्पना आमच्या फोर टॉप्समधल्या ओबी बेन्सनची, बर्कलीत पोलिसांची मारहाण बघून सुचलेली. बाकीच्या तिघांना निषेधाचं गाणं नको होतं, म्हणून ते मार्विन गेकडे गेलं. एकजुटीचा तोटा म्हणा हवं तर. पण बायकांनी गायलं म्हणून स्टब्स लहान होतो का?

कोरसवाली: मी असं कुठे म्हटलं? नीट वाचायची सवय लावा.

रफिनवेडा: तुमचं होऊ द्या. खर्जप्रेमी, एकच विचारतो. हॅरल्ड मेल्व्हिन अँड द ब्लू नोट्स हा ग्रुप घ्या. नाव मेल्व्हिनचं, 'इफ यू डोन्ट नो मी बाय नाउ' गायलं टेडी पेंडरग्रासने, आणि लोक टेडीलाच मेल्व्हिन समजायचे. टेडी ग्रुप सोडून गेल्यावर त्यांचं पुढचं एक गाणं सांगा, न शोधता.

खर्जप्रेमी: ब्लू नोट्स तुम्हाला दिले, फ्रेम करून लावा. पण मग रफिनचं 'माय होल वर्ल्ड एन्डेड' सोडून एकट्याचं काय आठवतं तुम्हाला, न शोधता?

रफिनवेडा: 'वॉक अवे फ्रॉम लव्ह', १९७५. टॉप टेन.

खर्जप्रेमी: पहिल्यानंतर सहा वर्षांनी एक. जोरात चाललं होतं म्हणायचं.

कोरसवाली: त्यात मागे कोण गातंय, ते सांगेल का कुणी?