अनुभव धागा: बालवाडीने पुढच्या आयुष्याला काय दिले?

धागाकर्ती: भाचीच्या नर्सरीची फी ऐकली आणि मी ज्या अंगणवाडीत वाढले ती डोळ्यांपुढे उभी राहिली. वडील बिगारी, आई धुणीभांडी करणारी. सेविकाबाई चिंचोके पसरून पाच-पाचाचे ढीग करायला सांगत आणि ढीग चुकला, की न रागावता ‘पुन्हा बघ बरं’ एवढेच म्हणत. पहिलीत गणित सोपे गेले हे खरेच, पण बाईंना प्रश्न विचारण्याची भीती तिथेच गेली आणि नोकरीच्या मुलाखतीतही तेच कामी आले, असे मला आजही वाटते. घरातून शाळेत जाणारी ज्यांची पहिलीच पिढी होती, त्यांनी जरूर लिहावे.

डहाणूकर: ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा मुले बालवाडीत येत नाहीत हे पाहून त्यांनी वस्तीतल्या अंगणातच बालवाडी भरवली. पुढे कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली गेली. यामागचे कारण आमच्या पाड्यावर कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. धाकटे भावंड बालवाडीत बसू लागले तेव्हाच माझ्या आत्याच्या कडेवरचा भार उतरला आणि तिच्या हाती पाटी आली. आज तिच्या दोन्ही मुली पदवीधर आहेत.

पाटीपेन्सिल: आत्याबद्दल वाचून भरून आले. आमच्याकडे मी घरी राहिले आणि भाऊ बालवाडीत गेला. पहिलीत मी महिनाभर दाराशीच रडत बसत असे.

सेविकाताई: एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हापासून आहार, आरोग्य आणि पूर्वप्राथमिक शिक्षण हे सारे एकाच अंगणवाडीकडे आहे. वजने, लसीकरणाचा दिवस आणि रजिस्टरे यांत सकाळ सरते आणि गाणी-गोष्टींच्या वेळेला कात्री लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मास्तर: सेविकाताई, त्या वेळेचे मोल फार मोठे आहे. अमेरिकेत मिशिगनमधील इप्सिलांटी येथे १९६२ ते १९६७ दरम्यान गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांचे दोन गट करून एकाच गटाला बालशाळा दिली गेली. बुद्ध्यंकात दिसलेली वाढ काही वर्षांतच ओसरली. मात्र चाळिशीत पाहिले तेव्हा बालशाळेत गेलेल्यांपैकी ७७ टक्क्यांनी शालेय शिक्षण पूर्ण केले होते, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण ६० टक्के होते. तिथे शिक्षिका प्रशिक्षित होत्या आणि दर आठवड्याला घरी जाऊन आईशी बोलत असत. तेवढे मनुष्यबळ न देता तसाच परिणाम मागणे हा सेविकांवर अन्याय आहे.

पाटीपेन्सिल: सेविकाताई, आमच्या शेजारच्या बांधकामावर मराठवाड्यातून आलेली कुटुंबे आहेत आणि त्यांची तीन-चार वर्षांची मुले दिवसभर वाळूत असतात. पत्ता इथला नसेल, तर त्यांना अंगणवाडीत घेतात का?

सेविकाताई: स्थलांतरित मुलांनाही हा लाभ आहे. आईला सोबत घेऊन तुमच्या भागातील सेविकेला भेटा आणि लसीकरणाचे कार्ड असल्यास तेही न्या. नाव घेण्यास नकार मिळाला, तर पर्यवेक्षिकेशी बोला.