कोलोनोस्कोपी : आईला गुंगी द्यायला सांगू की नको? मदत हवी आहे

माझी आई ६४ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झाली तेव्हा एक पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेली छोटी गाठ) काढला होता. आता पुन्हा तपासायचं आहे, आणि आईने "मी येणार नाही" असं सांगून टाकलंय.

मागच्या वेळी गुंगी न देता केलं होतं. मी दाराबाहेर बसले होते. आई "थांबा, थांबा" म्हणत होती आणि आतून उत्तर येत होतं, "झालंच हं, थोडं सहन करा." बाहेर आली तेव्हा तळहातावर नखं रुतल्याचे चार लाल व्रण होते. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. पॉलिप कापताना काही जाणवलंच नाही म्हणते. कळ आली ती नळी वळणावरून पुढे सरकताना आणि हवेने पोट फुगल्यावर. तिचं गर्भाशय काढलेलं आहे. अशा ऑपरेशननंतर आतडी आत चिकटलेली असू शकतात आणि त्रास वाढतो, हे मला फार उशिरा कळलं. आधी कोणी विचारलंही नव्हतं.

मग सरळ गुंगी घ्यावी, तर तिला झोपेत श्वास अडकण्याचा विकार आहे, रात्री मशीन लावते. अशा कोणाच्या घरी ही तपासणी झाली आहे का? डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

प्रतिसाद : ताई, मी एंडोस्कोपी विभागात परिचारिका आहे. श्वासाचा विकार आहे म्हणून गुंगी मिळणारच नाही, असं नसतं. पण आधी सांगायलाच हवं, मशीनही सोबत न्या. मिडाझोलाम-फेंटानिलची गुंगी हलकी, माणूस हाकेला ओ देतो. प्रोपोफॉलची खोल, तिथे भूलतज्ज्ञ हवेत. आईंसाठी कोणती, हे भूलतज्ज्ञांनाच ठरवू द्या. गुंगी नको ठरलं तरी नुसतं सोसायचं नसतं. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरता का, विचारा; तो लवकर शोषला जातो, पोट फुगून राहत नाही. पाणी सोडत नळी नेली तर ताण कमी पडतो. मध्ये कूस बदलतात, आम्ही पोटावर हात दाबून धरतो, त्यानेही नळी वळणावर अडत नाही. आणि "थांबा" म्हटलं की थांबायचं, हे आधीच ठरवून घ्या. तो आईंचा हक्कच आहे.

धागाकर्ती : मनापासून आभार. आईला हे वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं. भूलतज्ज्ञांची वेळ घेतली आहे, गर्भाशयाच्या ऑपरेशनचे कागदही शोधून ठेवलेत. गुंगी दिली तर नंतर २४ तास तिला एकटी सोडायची नाही, म्हणून मी दोन दिवस रजा टाकली आहे. श्वासाचा विकार असताना तपासणी झालेल्यांनी अजूनही लिहा, आई वाट बघतेय.