खेळावरचे चित्रपट मेहनत शिकवतात की नुसती जिद्द चढवतात?

पहाटधाव:
परवा 'रॉकी' हा मुष्टियुद्धावरचा चित्रपट पुन्हा पाहिला. १९७६ चा, पण सरावाचं संगीत सुरू झालं की आजही अंगावर काटा येतो. आणि तेच मला आता खटकतं. धापा टाकणारा माणूस काही मिनिटांत पायऱ्या चढून हात उंचावतो; मधली महिनोन्महिन्यांची कंटाळवाणी घासाघीस कापलेली. पंचविशीत असाच एक चित्रपट पाहून मी दुसऱ्या दिवशी थेट दहा किलोमीटर पळालो. नडगी ठणकायला लागली, तरी दात-ओठ खात दोन आठवडे पळत राहिलो. हाडाला बारीक चीर गेली, आठ आठवडे पळणं बंद. दुखणं दाबणं म्हणजेच चिकाटी, हे मी पडद्यावरूनच उचललं होतं.

सूरपारंब्या:
अजिबात पटलं नाही. चित्रपट म्हणजे प्रशिक्षक नव्हे. आणि 'रॉकी'त तो शेवटी हरतो, हे कसं विसरलात? पंचांचा कौल विभागून जातो, किताब समोरच्याकडेच राहतो. शेवटच्या घंटेपर्यंत उभं राहायचं, एवढंच त्याने ठरवलेलं असतं.

माझी मुलगी पोहते. चार महिने तिची वेळ तसूभर हलली नव्हती. भिंतीपाशी वळताना पाय उशिरा टेकायचा. रोज तेच वळण, तीस-चाळीस वेळा. एकदा पाण्याबाहेर आली, पण गॉगल काढेना, तेव्हा कळलं की रडतेय. त्या रात्री 'चंदू चॅम्पियन' पाहिला. तो ज्यांच्यावर आहे, त्या मुरलीकांत पेटकरांना गोळ्या लागल्या १९६५ च्या युद्धात, पोहण्यातलं पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक मिळालं १९७२ मध्ये. तिने बोटं मोजली. "सात वर्षं?" एवढंच म्हणाली. सकाळी गजराच्या आधी उठून बसली होती.

तिसरा पंच:
माझा आक्षेप वेगळा आहे. 'दंगल'मध्ये अंतिम कुस्तीच्या वेळी वडिलांना खोलीत कोंडतात आणि शेवटच्या क्षणी निकाल फिरतो. प्रत्यक्षात गीता फोगाटने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ती कुस्ती आरामात जिंकली होती, कोंडण्याचा प्रसंगही रचलेला. रंगत वाढते, मान्य. पण अडथळा म्हणजे कुणीतरी वाईट माणूस, हे मुलांच्या मनात बसतं. खरे अडथळे म्हणजे दुखापत, खर्च, एका जागेसाठी झगडणारे दहा जण. त्या दहाही जणांनी घाम गाळलेला असतो! 'मेहनत केली की जिंकतोच' हे वाक्य उलटं करून पाहा: हरला तो आळशी. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरला मिल्खा सिंग चौथे आले, कांस्यपदक सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने गेलं. कोणत्या तोंडाने म्हणायचं की मेहनत कमी पडली?

सूरपारंब्या:
पण २०१३ साली मिल्खांवर चित्रपट निघालाच ना? आणि त्याची सुरुवातच त्या हरलेल्या शर्यतीने होते. हरलेल्या माणसाला नायक करायला हेच चित्रपट धजावतात.

पहाटधाव:
@सूरपारंब्या, सात वर्षं मोजणारी मुलगी चित्रपट बरोबर पाहते. मी चुकीचा पाहिला, एवढं कबूल. तरी दुखापत झाल्यावर शहाणपणाने थांबणारा नायक मला अजून दिसलेला नाही. आता मी एक दिवसाआड पळतो आणि नडगी कुरकुरली की चालत घरी येतो. ते चालत घरी येणं दाखवलेला चित्रपट माहीत असेल तर सांगा, आजच बघतो.